‘बाबा करतात तो बदल भौतिक की रासायनिक?’

बाईंना नमस्कार. मी पन्हाळा तालुक्यातल्या एका गावात राहते. दहावीपर्यंत शिकले आहे. माझे मिस्टर हंगामात गुळव्याचं, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ करण्याचं काम करतात, बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतात. मुलगा मराठी शाळेत आठवीला आहे. गणित बरं आहे, पण विज्ञानात चाचणीला २० पैकी ७ पडले. रासायनिक बदल, मिश्रणं वेगळी करणं आणि परिसंस्था यावर चाचणी होती. व्याख्या सगळ्या पाठ होत्या, मीच म्हणून घेतल्या होत्या. वर्गात भौतिक बदलाचं घरचं उदाहरण विचारलं, तर यानं ‘उसाचा गूळ होणे’ सांगितलं. ते चूक निघालं आणि मुलं हसली. घरी येऊन त्यानं बाबांना विचारलं, ‘तुम्ही करता तो बदल भौतिक की रासायनिक?’ हे म्हणाले, ‘आम्ही गूळ करतो, बाकी आम्हाला काय ठाऊक?’ तेव्हापासून तो विज्ञानाचं पुस्तक उघडत नाही. ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणतो. शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आहे. कोल्हापुरात एक क्लास आहे, वर्षाला १२ हजार रुपये आणि रोज जाऊन-येऊन दोन तास एस.टी. थोडे उसने घेऊन पैसे उभे करता येतील. घालावं का? मला स्वतःला यातलं काही शिकवता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.
— एक आई

प्रिय ताई,

क्लासला घालू नका. उसने पैसे काढून तर मुळीच घालू नका. रोजचे दोन तास एस.टी.त आणि संध्याकाळी दमून घरी, यातून तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं विज्ञान सुधारलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. तुमच्याकडे जे आहे ते त्या क्लासकडे नाही. गावात गुऱ्हाळ चालू आहे आणि मुलाचे वडील गुळव्या आहेत. ३१ वर्षं मी विज्ञान शिकवलं. फळ्यासमोर उभी असताना कितीदा वाटायचं, की या धड्यांसाठी मुलांना एक दिवस गुऱ्हाळावर न्यायला हवं. ते कधी जमलं नाही. तुमच्या मुलाला ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आधी त्याच्या उत्तराचं बघू, कारण त्याचं मन तिथेच अडकलंय. त्याला सांगा, बाईंनी कळवलंय की तुझं उत्तर अर्धं बरोबर होतं. आणि ज्यांनी ‘रासायनिक’ म्हटलं त्यांचंही अर्धंच बरोबर होतं.

बदल कोणता हे ठरवायला एक प्रश्न पुरतो. आधी नव्हता असा नवा पदार्थ तयार झाला का? झाला असेल तर बदल रासायनिक. पदार्थ तोच राहिला आणि नुसतं रूप पालटलं तर भौतिक. आता हा प्रश्न घेऊन काहिलीपाशी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी जाऊ. घाण्यातून निघालेला रस चाखला तर गोड लागतो. गूळ होण्याच्या थोडं आधी काढलेली काकवी चाखली तरी गोड, आणि गूळही गोड. म्हणजे ही गोडी काहिलीत तयार झालेली नाही, ती फडातून उसाबरोबर आली. रसाच्या १०० भागांत ८० हून जास्त भाग नुसतं पाणी असतं. आच लावून ते पाणी उडवलं की आधीपासून असलेली साखर घट्ट होऊन खाली राहते. समुद्राचं पाणी उन्हात आटवून मीठ घेतात, त्याच जातीचं हे काम आहे. मुलगा ‘भौतिक’ म्हणाला तो इथवर अगदी नेमकं बोलला होता, आणि मला खात्री आहे की बाबांना काम करताना बघूनच बोलला होता. पाठ करणाऱ्या मुलाला हे उदाहरण सुचलंच नसतं.

पण काहिलीत तेवढंच होत नाही. रस हिरवट-करडा असतो आणि गूळ सोनेरी किंवा तांबूस होतो. रसाला कच्चा, गवताळ वास असतो, तर गुऱ्हाळाचा वास अर्ध्या कोसावरून माणसाला ओढून आणतो. तो रंग आणि तो वास रसात नव्हता. पाक तापत जातो तसे साखरेचे काही रेणू मोडतात, काही रसातल्या प्रथिनांच्या घटकांशी जुळतात आणि त्यातून तपकिरी रंगाचे, खमंग वासाचे नवे पदार्थ तयार होतात. भाकरी भाजताना तिच्यावर जे तांबूस डाग पडतात, त्यांचीही हीच गोष्ट. हा झाला रासायनिक बदल.

घरी पडताळून बघता येईल. गुळाचा खडा पाण्यात विरघळवा आणि शेजारी ताज्या रसाचा पेला ठेवा. गूळ म्हणजे नुसता पाणी काढलेला रस असता, तर पाणी परत घातल्यावर पुन्हा रस मिळायला हवा होता. तसा मिळत नाही. मुलाला दोन्ही पेले बघू द्या, वास घेऊ द्या आणि काय दिसलं ते त्याच्या शब्दांत लिहू द्या.

आता त्याच्या बाबांबद्दल. ‘आम्हाला काय ठाऊक’ असं ते म्हणाले, पण त्यांना पुष्कळ ठाऊक आहे. रसाला उकळी फुटायच्या आधी ते त्यात चुन्याची निवळी घालतात ना? ताजा रस थोडासा आम्लधर्मी असतो. आम्ल आणि आच एकत्र आली की उसातली साखर फुटून तिच्या दोन साध्या साखरा होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. त्या नीट गोठत नाहीत, मग गूळ चिकट राहतो, धरत नाही. चुना ते आम्ल मारतो. शिळ्या किंवा पडलेल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, हे तुमच्या मिस्टरांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही, तरी ते तोंडपाठ असणार. ऊस शिळा होतो म्हणजे त्यात ही साखर फुटण्याची क्रिया आधीच सुरू झालेली असते. पुस्तकात ज्याला उदासिनीकरण म्हणतात ती अभिक्रिया हा माणूस प्रत्येक काहिलीला करतो, आणि प्रमाण चुकत नाही. मुलाला हे कळू द्या. वर्गात हसलेल्या मुलांपैकी कुणाच्या वडिलांना ती करता येत असेल असं मला वाटत नाही.

भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो कशासाठी? रस तापला की त्यातली प्रथिनं दूध नासावं तशी गोळा होतात. हा चिकट रस त्यांना आणि मातीच्या कणांना धरून वर आणतो, आणि मळी तरंगली की झाऱ्यानं काढून टाकतात. म्हणजे एकाच काहिलीत आधी रासायनिक बदल झाला आणि त्याच्या आधारानं मिश्रण वेगळं केलं गेलं. पुस्तकात हे दोन निरनिराळे धडे आहेत.

पाक उतरवायची वेळ ते कशावरून ठरवतात तेही विचारू द्या. पाण्यात टाकून गोळी धरते का बघत असतील. पाणी १०० अंशांना उकळतं, पण पाकात पाणी कमी होत जातं तसा उकळबिंदू चढत जातो, आणि गुळासाठी काहील उतरवतात तेव्हा पाक साधारण ११५ ते ११८ अंशांवर असतो. थर्मामीटर न लावता गोळीवरून एवढं नेमकं तापमान ओळखायचं म्हणजे मोठी विद्या आहे.

एक गोष्ट मला सांगायलाच हवी. मुलाच्या मनात ‘रासायनिक बदल उलटवता येत नाही, भौतिक उलटवता येतो’ असं एक वाक्य घट्ट बसलेलं असणार. सगळ्याच मुलांच्या बसलेलं असतं. पहिली दहा-बारा वर्षं मीही ते वर्गाकडून घोकून घेतलं. मग एका वर्षी एक मुलगी घरच्या लग्नाची हळद खेळून आली होती. पांढऱ्या गणवेशावर पिवळा डाग. तिनं साबण लावला तर डाग लालभडक झाला. घाबरून तिनं पाण्यानं धुतला, तो पुन्हा पिवळा. ती मला म्हणाली, ‘बाई, रंग बदलला म्हणजे रासायनिक ना? मग तो परत कसा आला?’ मी त्या तासाला उत्तर दिलं नाही, कारण माझ्या वाक्यात तिची हळद बसत नव्हती. हळदीतला रंगद्रव्याचा रेणू अल्कधर्मी साबणात खरोखर बदलतो, आणि साबण धुऊन गेला की पूर्वपदावर येतो. बदल रासायनिक, तरीही उलटणारा.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्या घरात आहे. ज्वारी दळली की पीठ होतं. त्या पिठाची पुन्हा ज्वारी करता येईल का? जन्मात नाही. तरी तो बदल भौतिक, कारण पिठात जे आहे तेच ज्वारीत होतं. म्हणून ते घोकलेलं वाक्य मुलाच्या डोक्यातून काढून टाका. पुष्कळदा ते खरं ठरतं, पण कसोटी म्हणून ते कामाचं नाही. कसोटी एकच, नवा पदार्थ झाला का.

तुम्ही लिहिलंय की मला काही शिकवता येत नाही. ताई, तुम्ही घरी तूप कढवता का? तूप कढवणं म्हणजे घरातलं छोटं गुऱ्हाळच आहे. दुधाला विरजण लावलं की त्यातले जिवाणू दुधातल्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्या आम्लानं दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून बसतात आणि दही लागतं. हा रासायनिक बदल. मग रवीनं घुसळलं की दह्यातले चरबीचे बारीक थेंब एकमेकांवर आपटून जुळतात, पाण्यापेक्षा हलके म्हणून वर येतात, आणि लोण्याचा गोळा हाताला लागतो. नवं काही तयार झालं नाही, जे विखुरलेलं होतं ते वेगळं काढलं. पुढे लोणी कढवताना आधी तडतड ऐकू येते, ते पाणी उडून जातंय. तडतड थांबते, आणि मगच बेरी तांबूस व्हायला लागते. असं का होतं? पाणी असेतो लोण्याचं तापमान १०० च्या फार पुढे जातच नाही. पाणी संपलं की ते चढतं, आणि बेरीतले नवे, खमंग पदार्थ त्या वरच्या तापमानाला तयार होतात. तुम्ही कानानं ऐकून आच कमी करता. मुलाला शेजारी बसवा आणि डोळे मिटून ऐकायला सांगा, की पाणी कधी संपलं.

मिश्रणं वेगळी करण्याचा धडा तर तुमचाच आहे. प्रत्येक पद्धतीच्या मुळाशी मिसळलेल्या दोन गोष्टींमधला एखादा फरक असतो, आणि तो शोधला की पद्धत आपोआप सुचते. चाळणीला आकाराचा फरक लागतो. सुपात पाखडताना कोंडा पुढे उडतो आणि दाणे मागे राहतात, तिथे वजन कामाला येतं. रव्यात चुकून टाचणी पडली तर चुंबक, म्हणजे तिथे चुंबकाला चिकटण्याचा गुण. मीठ आणि वाळू मिसळली तर पाण्यात विरघळण्याचा. मुलगा पद्धतींची नावं पाठ करतो आणि गोंधळतो, कारण नावं सुटी सुटी आहेत. त्याला प्रत्येक नावापुढे फक्त एवढंच लिहू द्या, ‘इथे फरक कशाचा?’

तुरटीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण मुलं हमखास अडतात. पावसाळ्यात नदीचं पाणी गढूळ येतं. घागर रात्रभर ठेवली तरी पाणी निवळत नाही, पण तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवला की तासाभरात गाळ तळाला जातो. मातीचे ते कण इतके बारीक असतात की कापडातून पार जातात. शिवाय सगळ्यांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात आणि खाली बसतच नाहीत. तुरटीतून सुटणारे ॲल्युमिनियमचे आयन धन भाराचे. ते मधे पडले की कणांचं भांडण मिटतं, कण जुळतात, जड होतात आणि बसतात. पूर्वी निवळीच्या झाडाची बी उगाळून हेच करत. मात्र निवळलेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू राहू शकतात, ते उकळूनच प्यायचं. हेही मुलाला सांगा, कारण गाळ काढणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत.

काळ्या स्केचपेनचा एक ठिपका खडूच्या बुडापासून बोटभर वर काढायचा आणि खडू बशीतल्या थोड्याशा पाण्यात उभा करायचा, ठिपका पाण्याच्या वर राहील असा. पाणी चढतं तसं काळ्याचे निळे, जांभळे, पिवळे पट्टे होतात. पुस्तकातली रंजकद्रव्य पृथक्करण पद्धत ती हीच. पाच मिनिटांचं काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिली परिसंस्था. मुलांना हा धडा सोपा वाटतो आणि त्यातच मार्क जातात. उत्पादक, भक्षक, विघटक हे शब्द पाठ होतात, चित्रात सिंह आणि हरीण असतं, आणि आपल्या बांधावर काय चाललंय ते सुटून जातं. परिसंस्था हा विचार शब्दात बांधला तो आर्थर टान्सली या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १९३५ साली. त्याचं म्हणणं असं, की जिवंत प्राणी-वनस्पती आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा यांना तोडून बघू नका, हे मिळून एक व्यवस्था आहे. तुमच्या मुलासाठी ती व्यवस्था म्हणजे उसाचा फड.

त्याला एक प्रश्न विचारा. कोल्हापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारण्यासारखा आहे. एक टन ऊस शेतातून निघाला. हे एक टन वजन आलं कुठून? बहुतेकजण म्हणतील, जमिनीतून. तसं असतं तर दरवर्षी शेतात खड्डा पडायला हवा होता. यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्माँट नावाच्या माणसानं हे तोलून पाहिलं. तो आजच्या बेल्जियममधला. त्यानं कुंडीत २०० पौंड वाळवलेली माती घेतली, त्यात पाच पौंडांचं वाळुंजाचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी भरली, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. झाड पाण्यापासून झालं असं त्यानं ठरवलं. तेही अर्धंच उत्तर होतं, तुमच्या मुलासारखं. हवेचा वाटा त्याच्या लक्षात आला नाही.

उसाचं पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं. मुळांनी ओढलेलं पाणी पानापर्यंत चढतं. उन्हाच्या जोरावर या दोन्हींपासून साखर तयार होते आणि ऑक्सिजन बाहेर पडतो. उसातल्या साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. त्यातले बाराच्या बारा कार्बन हवेतून आले आहेत, आणि त्या हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइडचे असतात जेमतेम चार भाग! मी हे शिकवायची तेव्हा दरवर्षी माझ्याच अंगावर काटा यायचा. सगळ्यात मोठा रासायनिक बदल फडातल्या पानात होऊन गेलेला असतो, तोही थंड, शांत, धुराशिवाय. गुऱ्हाळावर आपण त्याची फक्त झोळी भरतो.

मग ऊस गुऱ्हाळावर येतो. बाबांना आकडे विचारून मुलानं हिशेब मांडावा. एका टनातून साधारण ६०० ते ६५० किलो रस आणि बाकीची ओली चिपाडं. त्या रसातून गूळ १०० ते १२० किलो, थोडी मळी, आणि उरलेलं सगळं वाफ होऊन छपरातून गेलं. चिपाडं वाळवून चुलवाणात घातली की हवेतून घेतलेला कार्बन पुन्हा हवेत गेला, आणि पानानं साठवलेलं ऊन काहिलीखाली धडधडायला लागलं. खाली उरली राख. जमिनीतून जे थोडंसं आलं होतं, त्यातलं बरंचसं तिच्यात आहे. बाबा राख कुठे टाकतात? परत शेतात पडत असेल तर चक्र पुरं झालं. हे सगळं त्यानं एका मोठ्या कागदावर काढावं, बाणांनी. परिसंस्थेचा धडा त्या कागदावर येईल.

फडात बसून घटकाभर नुसतं बघितलं तरी साखळ्या सापडतील. ऊस कुरतडणारे उंदीर, उंदरांमागे धामण, मुळं खाणारी हुमणी अळी, नांगरामागून चालणारे बगळे. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहा टक्केच ऊर्जा पोचते, म्हणून उंदीर पुष्कळ आणि धामण एखादीच. ती एखादी धामण काठीनं मारली तर कुणाचं फावतं, हे त्याला विचारा, सांगू नका.

तोडणीनंतर पाचट राहतं. तुमच्याकडे ते पेटवतात की सरीत ठेवून कुजवतात, मला माहीत नाही. पण मुलाला ते दोन्ही दाखवता आलं तर फार बरं होईल. पेटवलं तर एका संध्याकाळी कार्बन डायऑक्साइड, वाफ आणि राख. कुजवलं तर तेच पदार्थ बहुतांशी शेवटी उरतात, पण काही महिने लागतात, आणि त्या महिन्यांत त्यावर बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं जगून घेतात, जमिनीत ओल टिकते. दोन्ही रासायनिक बदलच आहेत. पाचट पेटवू नये असं माझं ठाम मत आहे, पण ते मत तुमच्या घरात आणायला मी हे लिहीत नाहीये. विघटक हा शब्द पोराला हातात धरता यावा म्हणून लिहितेय. कुजत्या पाचटात हात घालून बघायला सांगा, आत ऊब लागते. ती ऊब कुणाची?

येत्या रविवारी त्याला वहीसकट गुऱ्हाळावर पाठवा. पहिल्या दिवशी पुस्तक नको. काय दिसलं, काय वास आला, कोणी काय घातलं, किती वेळानं रंग बदलला, एवढंच लिहायचं. नावं दुसऱ्या दिवशी घरी बसून पुस्तकातून शोधायची. तुम्ही आजवर व्याख्या आधी म्हणून घेतल्यात, त्यात तुमची काही चूक नाही, आम्हीच शाळांमधून तशी सवय लावली आहे. आता क्रम उलटा करा.

सांभाळायचं तेवढं मात्र कडक सांभाळा. घाण्याच्या रुळांजवळ जायचं नाही, अंगात सैल बाह्यांचा सदरा किंवा गळ्यात रुमाल नको. काहिलीच्या काठावर उभं राहायचं नाही. ११८ अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा वाईट, तो कातडीला चिकटून राहतो. चुनकळी भिजवायचं काम बाबांचं, त्यानं लांबून बघायचं, कारण पाणी पडताच ती सळसळून तापते आणि शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेततं.

शाळेत जाऊन भांडू नका. मुलानं स्वतःच, वही घेऊन, शिक्षकांना तास संपल्यावर विचारावं, ‘गुळात पाणी उडून जाणं भौतिक आणि रंग-वास येणं रासायनिक, असं लिहिलं तर चालेल का?’ चांगले शिक्षक अशा प्रश्नाची वाट बघत असतात. परीक्षेत एका शब्दाचं उत्तर मागितलं तर पुस्तकात असेल तेच लिहावं. ‘कारण द्या’ असेल तर नवा पदार्थ कोणता झाला त्याचं नाव लिहावं. ‘कारण हा रासायनिक बदल आहे’ एवढंच लिहिणाऱ्यांचे मार्क जातात, कारण त्यात कारण नसतंच. वार्षिक परीक्षेपर्यंत असं करून बघा. तोपर्यंत काहीच हललं नाही तर मला पुन्हा लिहा, क्लासचा विचार तेव्हा करू.

आता एक काम फक्त त्याच्यासाठी. हळद पाण्यात कालवून त्यात साध्या कागदाच्या पट्ट्या बुडवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. एका पट्टीवर चुन्याच्या निवळीचा थेंब टाकायचा, ती लाल होईल. मग बाबांकडून वाटीत थोडा ताजा रस घ्यायचा आणि चुना घातल्यानंतरचा थोडा रस, तो पुरता गार होऊ द्यायचा. दोन्हींचा एकेक थेंब दोन नव्या पट्ट्यांवर टाकायचा. दोन्ही पट्ट्या पिवळ्याच राहतील. दुसऱ्या रसात तर चुना आहे, मग तो गेला कुठे? आणि एखाद्या काहिलीला पट्टी लाल झालीच, तर त्या दिवशीचा गूळ कसा झाला, हे त्यानं बाबांना विचारून मला कळवावं. त्याच्या पत्राची मी वाट बघते.

तुमची,
बाई